पोतं

आमच्या बेटावर पोत्याला कॉट्ट म्हणतात.
एन्देलने प्रोग्रॅमचं नावही तेच ठेवलं,
कारण तो तेवढंच करतो:
लागेल ते आणतो, नको ते काढतो,
आत काय आहे विचारलं तर सांगतो.
तीनशे बारा ओळी, एक फाइल.
नमनाला घडाभर तेल नाही,
रंगीत पट्ट्या नाहीत, सरकणारे टक्के नाहीत.
काम झालं की गप्प.
एन्देलही तसाच होता,
मासेमारी संघाचे रेडिओ दुरुस्त करायचा तेव्हापासून.

धक्क्यावरचं पाण्याची उंची मोजणारं यंत्र,
वाचनालयातले दोन म्हातारे संगणक,
हेल्डीच्या बेकरीतला गल्ला,
आणि बोटींच्या वेळा दाखवणारा पडदा,
इतक्या ठिकाणी हे पोतं भिंतीला टेकून उभं.
मोठ्या शहरांत मोठी गोदामं वापरतात;
सुई मागवली तर
शिंप्यासकट दुकान घरी येतं.
एन्देल म्हणायचा, लीलो,
काढायच्या आधी बघ
हिच्यावर कोण टेकलंय.

मार्चमध्ये तो गेला. खाडीत बर्फ होता अजून.

जूनमध्ये, रात्री दहाच्या उजेडात,
हेल्तेरमाच्या तिकीट-खोलीत
मी पडद्याच्या मशीनसमोर बसले.
घड्याळाची एक दुरुस्ती आणायची होती, बस.
उत्तर आलं:
थांबा. दुसरं कुणीतरी काम करत आहे.

थांबले. थर्मासातली कॉफी संपवली.
रोहुक्युलाची शेवटची बोट लागली, रिकामी झाली.
पुन्हा विचारलं.
थांबा.

कुलपाची फाइल उघडली. आत एकच आकडा,
४१२७,
ज्या प्रक्रियेने कुलूप लावलं तिचा.
चालू असलेल्या सगळ्यांची यादी काढली,
वरून खाली, मग खालून वर.
४१२७ नव्हती.
फाइलीवरची तारीख मार्चची,
वादळात धक्क्याची वीज गेली त्या संध्याकाळची.
अकरा आठवडे कुणी काही मागितलं नाही,
म्हणून कुणाला कळलं नाही.
दारात बूट आहेत म्हणजे माणूस आत आहे,
एवढाच त्या बिचाऱ्याचा हिशोब.

चूक एन्देलचीच.
दोनशे सातव्या ओळीशी त्याची टीप सापडली:
इथे कुलूप राहिलं तर माणसाने बघावं.

बघितलं.
तो काय आणत होता तेही बघितलं.
अर्धवट उघडलेला एक फोल्डर,
त्यात मोठ्या, ठळक अक्षरांचा फॉन्ट.
वाइके आजी त्या पडद्यासमोर
भिंग धरून उभी असते, लोक मागे खोळंबतात.
तिला तो हिवाळ्यात "बघतो" म्हणाला होता.
मला वाटलं होतं, टाळतोय.

कुलूप मी हाताने पुसलं.
यंत्राने "नक्की का?" विचारलं नाही.
एन्देलच्या कोडमध्ये ते कुठेच नाही,
मोठी माणसं आहात, म्हणायचा, समजून करा.

फॉन्टला अक्षरं रेखणारी एक लायब्ररी हवी होती,
तिला आणखी एक, तिला कुणीच नको होतं.
अठरा सेकंद.
मग गप्प.

निघण्याआधी, उगीच,
अनाथांची यादी मागितली,
म्हणजे अशी पॅकेजं ज्यांच्यावर आता कुणी टेकलेलं नाही.
सात निघाली. सहा काढली.
सातवं होतं कॉट्ट स्वतः;
त्याच्यावर कुणी टेकत नाही, ते सगळ्यांना उचलून आणतं.
सांभाळणाऱ्याच्या जागी त्याचं नाव, बंद पडलेला पत्ता.
ओळ खोडली नाही. खाली माझं नाव घातलं.
दोनशे सात दुरुस्त करायला घेतली,
आणि मेल्या क्रमांकांची तपासणी लिहिली, चार ओळी.
टीप तशीच ठेवली.

सकाळी वाइके आली,
भिंग पिशवीतून काढलं, परत ठेवलं.
बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली.
"बोटीची वेळ बदलली का गं?"
नाही, म्हटलं,
फक्त अक्षरं.
"मग उशीर झालाय तिला," ती म्हणाली,
आणि खरंच, झाला होता.